नाल्याकाठची ज्वारी

नत्थू,

सावनेरहून ढोरांच्या डाक्टरले आणाले चाललो. नाल्याकाठची हिरवी ज्वारी खाऊन माही म्हैस सकाळी थरथरत खाली बसली, ते अजून उठली नाही. युरिया मी एकदाच फेकला होता. तू म्हणतो, तू युरियाले हात नाही लावला. मंग ज्वारी एवढी काळपट हिरवी काहून झाली?

आता ज्वारीले भरपूर पाणी दे, फुलोऱ्यावर येऊ दे. मंगच कापजो, अन् बुडाकडचा धांडा वावरातच सोडजो. जास्तीच्या युरियाचं जहर बुडात जास्त राहते. तोवर सगळ्या ढोरांले कोरडा कडबा टाक.

एक सांग. दावण एकच, चारा टाकणारा तू. मंग चार दिवसांपासून तुह्या गाईपुढं नुसता कडबा काहून हाय गा?

तुहा भाऊ,
देवराव