शोधणं चालू आहे तोवर

मंगळवार, दुपार

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. इतक्या अबोल्यानंतर माझं पत्र पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? इकडे ह्यांनी गॅलरीला जाळी बसवून घेतली, त्यामुळे कबुतरं आता शेजाऱ्यांकडे जातात आणि शेजारी आमच्याकडे भांडायला येतात. मी डेपोतून रजेवर आहे. माइकवर सध्या दुसरीच कुणी गाड्या पुकारते. नाकात बोलते, पण चालायचंच.

तुझ्या लेकाच्या लग्नात खेळताना आपलं ज्या शब्दावरून वाजलं, तो शब्द आहे असं मी अजूनही म्हणते. ते असो.

खरं तर लहानपणच्या त्या अक्षरांच्या खेळासाठीच लिहायला बसले आहे. बाबा छापखान्यातून इंग्रजी अक्षरांचे झिजलेले खिळे खिशात घालून आणायचे, त्यातले तीन टेबलावर ठेवायचे आणि ती तिन्ही अक्षरं असलेले शब्द आपल्याला विचारायचे. टी, एच, आर दिसले की तू मदर, थ्रेड, वेदर करत सुटायचीस. मी अडले की काहीतरी ठोकून द्यायचे. बाबा फसायचे, तू कधी नाही.

ताई, पुढच्या शुक्रवारी माझं ऑपरेशन आहे. डोक्यात डाव्या बाजूला गाठ आहे, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. घाबरू नकोस, असं लिहिणार होते. पण मीच घाबरले आहे. मला मधेच जागं करणार आहेत. दुखत नाही म्हणतात. मी बोलत राहायचं आणि डॉक्टर गाठ काढत राहणार. माझं बोलणं अडखळलं की तिथेच हात थांबवणार.

बोलतं ठेवायला एक वाचातज्ज्ञ बाई आहेत. त्यांनी चित्रं दाखवली, ती मी भराभर ओळखली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला हे फार सोपं जातंय. शोधावं लागेल असं काहीतरी हवं." मी आपला खेळ सांगितला. त्यांना तो एकदम पटला. त्या रोज अक्षरं देतात आणि मी रोज धडाधड शब्द सांगते. परवा त्या म्हणाल्या, "तुमचा वेग जबरदस्त आहे. ऑपरेशनच्या वेळी हाच धरून चालू." मी हसले.

तो वेग खोटा आहे. अक्षरं त्यांच्या छापील संचातली असतात आणि तो संच मी पाठ केला आहे. एल, एम, पी म्हटलं की लॅम्प, टेम्पल, सिंपल आपोआप बाहेर पडतात, पाढे म्हणावेत तसे. त्यात शोधणं काहीच नाही. म्हणजे आतलं शोधणं बंद पडलं तरी तोंड चालूच राहील, आणि डॉक्टर कापत राहतील.

का केलं, विचारशील. पहिला नंबर हवा म्हणून नाही. गेल्या महिन्यात माइकसमोर उभी होते, गाडी समोर लागलेली, आणि फलाट हा शब्द मला आठवेना. रोज शंभरदा म्हणते तो. लोक माझ्याकडे बघत होते. मी माइक बंद केला आणि हाताने खूण केली. घरी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मिळेल ते पाठ करते आहे, ताई. सापडले नाहीत तर निदान साठवलेले असावेत म्हणून.

बाई म्हणतात, घरचं कुणी बोलणं ओळखणारं असेल तर ऑपरेशनच्या वेळी कपडे बदलून शेजारी बसवू. सरावाला ह्यांना बसवून पाहिलं. मी अडले की हेच हळूच उत्तर पुरवतात. हे काम तुझं आहे. येशील का?

तुझी धाकटी

*

शनिवार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. पत्र तुझ्या भाऊजींनी वाचून दाखवलं. मग मी पुन्हा स्वतः वाचलं. त्यांचा गुडघा जिथल्या तिथे आहे.

पाठांतराचं त्या बाईंना आणि डॉक्टरांना आजच्या आज सांग. लाज वाटत असेल तर तुझ्या ह्यांना सांगायला लाव, पण सांग. नाहीतर मी आल्या आल्या आधी तेच सांगेन आणि तुझी काही भीड ठेवणार नाही. फलाटाचंही सांग. तेही त्यांना कळायला हवं.

बुधवारी पोचते. अक्षरं मी निवडीन आणि तुला आधी दाखवणार नाही. आल्यावर लाडीगोडी लावू नकोस.

एक आत्ताच सांगून ठेवते. तू ठोकून द्यायला लागलीस की मला कळेल, आणि मी थांबा म्हणेन. थोडी गाठ आत राहिली तरी थांबा म्हणेन. मग शुद्धीवर आल्यावर तू मला हवं ते बोल. घाई का केलीस, तुला काय कळतं, जन्मभर तोंड दाखवू नकोस, सगळं बोल. मी खाटेशी बसून ऐकेन.

एवढ्यासाठीच येते आहे.

तुझी ताई