गुरमेलची जीप

चंदीगड,
१२ डिसेंबर १९७४

ती. मामंजींस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही तिघं बरे आहोत. मीनाक्षीला तुम्हाला दोन ओळी लिही म्हटलं, तर दादाजी को क्या लिखूँ म्हणून पळाली. तिचं मराठी आता ऐकण्यापुरतंच उरलं आहे.

आज सून म्हणून लिहीत नाही, एस.टी.च्या वर्कशॉपात जन्म काढलेल्या माणसाला विचारायचं आहे. आमच्या इस्पितळाची खेड्यांत फिरणारी डिझेल जीप थंडी पडल्यापासून सकाळी उठतच नाही. उठलीच तर थरथरते, खोकते आणि पुन्हा गप्प. गेल्या आठवड्यात खरड गावापलीकडच्या एका खेड्यातून सकाळीच निरोप आला की बलबीर कौर बाळंतपणात अडली आहे. आमचा ड्रायव्हर गुरमेल स्टार्टर मारत राहिला, मी शेजारी बॅग मांडीवर घेऊन बसलेली. निघालो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. बलबीर वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती.

गुरमेल त्याच गावचा. गाव म्हणतं, यानं डिझेल विकलं आणि टाकीत रॉकेल भरलं. इस्पितळाचे साहेबही तेच म्हणतात आणि संक्रांतीनंतर त्याला काढायचं बोलतात. गुरमेल स्वतः काहीच बोलत नाही, आणि त्याचं ते गप्प राहणं मला जास्त छळतं. कशात लक्ष लागत नाही. रॉकेलानं असं होतं का? होत असेल तर तसंच लिहा, माझ्यासाठी सावरून घेऊ नका.

सासूबाईंना नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
शुभदा


मिरज,
१९ डिसेंबर १९७४

चि. सौ. शुभदा हीस,
अ. उ. आ.

तुझ्या सासूबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, पोरीला आधी जेवत जा म्हणून लिहा. लिहिलं.

रॉकेलाची भेसळ पंपाचं वाटोळं करते हे खरं, पण थंडीत सकाळी इंजिन अडतं ते त्यामुळे नव्हे. थंड मुलखात काही जण मुद्दाम थोडं रॉकेल घालतात. तेव्हा एवढ्यावरून त्या माणसाला चोर ठरवू नका. माझा संशय हीटर प्लगवर आहे. डिझेलला ठिणगी लागत नाही, ते दाबानं तापलेल्या हवेत पेटतं. थंडीत ती हवा पुरेशी तापत नाही, म्हणून या प्लगांच्या तारा आधी लाल कराव्या लागतात. त्या जळाल्या असणार.

पण तू पेशंटची करतेस तशी चौकशी कर. स्टार्टर मारताना धूर येतो का? कोणत्या रंगाचा? दुपारी गरम असताना कशी उठते? आमच्या जयंताला विचारलं नाहीस हे बरं केलंस. त्याला सायकलची चेन बसवता येत नाही.

प्रकृतीला जप. पत्राची वाट पाहतो.

शु. चिं.
दिगंबर


चंदीगड,
२६ डिसेंबर १९७४

ती. मामंजींस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, पण तुमचा संशय चुकला. गुरमेलनं चारही प्लग काढून बॅटरीला लावून दाखवले. चारही लालभडक झाले. स्टार्टर जोरात फिरतो, दुपारी जीप एका झटक्यात उठते. आणि सकाळी स्टार्टर मारताना धूर मुळीच येत नाही. इंजिनावरच्या हातपंपानं डिझेल वर ओढलं की मग कुठे जागी होते.

हल्ली रोज सकाळी मी शाल गुंडाळून गॅरेजपाशी जाऊन उभी राहते. हे म्हणतात, इस्पितळात एवढे पेशंट असताना लोखंडाची नाडी काय बघतेस. पण घरात बसवतच नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली. परवा खेड्यात मुक्काम पडला. इथल्यापेक्षा कडक थंडी, गवतावर पांढरं दहिवर, तरी जीप लगेच सुरू झाली. तिथे सपाट अंगण आहे. इथे ती गॅरेजच्या चढावर, तोंड वर करून उभी असते. यात काही अर्थ आहे, की माझंच डोकं फिरलं आहे?

गुरमेलच्या बायकोला विहिरीवर कुणी जागा देत नाही. लवकर लिहा.

तुमची,
शुभदा


मिरज,
२ जानेवारी १९७५

चि. सौ. शुभदा हीस,
अ. उ. आ.

डोकं अगदी जागेवर आहे. मी हरलो, आणि सुनेकडून हरलो हे गल्लीभर सांगून आलो.

धूर नाही म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. टाकी मागे, खालच्या अंगाला. गाडी रात्रभर चढावर राहिली की नळीतलं डिझेल मागे ओघळतं आणि तिथे हवा भरते. कुठला तरी सांधा हवा ओढतो आहे; तो नेमका थंडीच्या सुमारास बिघडला असेल, म्हणून सगळे थंडीला दोष देत बसलो. अशा सांध्यातून बाहेर थेंबही गळत नाही, म्हणून तिकडच्या मिस्त्रींना दिसला नसेल. खात्री अशी करा: संध्याकाळी टाकीची नळी सोडवा, डिझेलचा डबा बॉनेटपेक्षा उंच टांगा आणि त्यातून नळी थेट पंपाला द्या. सकाळी मुकाट उठली तर दोष टाकीकडच्या वाटेवरच आहे. मग एकेक सांधा उघडून बघा. आणि हे साहेबांच्या डोळ्यांसमोर करा.

जेवतेस ना?

शु. चिं.
दिगंबर


चंदीगड,
२० जानेवारी १९७५

ती. मामंजींस,
शि. सा. न. वि. वि.

डबा टांगला. सकाळी साहेब कोटाच्या खिशात हात घालून उभे होते. गुरमेलनं चावी फिरवली आणि जीप उठली. थरथर नाही, खोकला नाही. मग सांधे उघडले. टाकी आणि पंपाच्या मधल्या फिल्टरपाशी तांब्याचा एक वायसर चिरलेला निघाला, नखाएवढा. तो बदलला, टाकी जोडली, चढावर ठेवूनही आता रोज उठते. साहेबांनी गुरमेलला काढायचं रद्द केलं. त्याची माफी मात्र मागितली नाही.

काल बलबीरकडे गेले. गुरमेल जीपपाशीच थांबला, आत यायला तयार होईना. मी तिच्या सासूला, बेबेला, सगळं सांगितलं. तिनं वायसर हातात मागून घेतला, उजेडाकडे धरला. चीर तिला दिसली नाही. एवढंसंच होतं का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं तो माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाली, बाहेर तो मुलगा गारठला असेल. उठली आणि चहाचा पेला घेऊन स्वतःच बाहेर गेली.

बलबीर इतका वेळ भिंतीकडे तोंड करून होती. बेबे गेल्यावर हळूच विचारलं तिनं, मुलीला केस होते का. तेव्हा ती शुद्धीवर नव्हती, आणि नंतर तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, होते. काळे, दाट, कपाळापर्यंत आलेले. तिनं माझा हात धरला आणि पुन्हा सांगायला लावलं.

जेवते आहे. सासूबाईंना सांगा. तुम्ही दोघं आम्हाला असाच जीव लावत राहा.

तुमची,
शुभदा