पोकळ फुगे

५ नोव्हेंबर

आज रुजू झाले. प्रयोगशाळा मनासारखी आहे: मोठ्या खिडक्या, कोरडे ओटे, धार असलेली कात्री. काम हिवतापाच्या लशीचं. चरबीचे अतिसूक्ष्म फुगे करायचे आणि परजीवीचं प्रथिन त्यांत भरायचं. फुगा ते पेशीपर्यंत सुखरूप नेतो. माझ्या वरिष्ठ ताई म्हणाल्या, आपण हमाल घडवतो, ओझं दुसऱ्याचं. इथली रीत अशी की लशीचा प्रत्येक नवा घाणा आधी इथल्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी टोचून घ्यायचा. माझ्या धाकट्या बहिणीनेही हौसेने नाव दिलंय. म्हणाली, तायडे, आधी तू, जगलीस तर मी.

७ नोव्हेंबर

उजव्या दंडात लस घेतली. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी स्वतः टोचली. गाठ आली आहे, गार लागते. गाठ गरम असायला हवी.

१० नोव्हेंबर

ताईंनी आज सांगितलं: तो घाणा फ्रिजमध्ये गोठला होता. गोठला की फुगे फुटतात, प्रथिन सांडतं, उरतात ती रिकामी टरफलं. सरांनी बाटली हलवली, दुधासारखी दिसली, झालं. मी जाब विचारला. सर हसले. म्हणाले, काल आलीस आणि आज आम्हाला अक्कल शिकवतेस? ताई खाली मान घालून काचा पुसत राहिल्या. मला त्यांचाही संताप आला.

१२ नोव्हेंबर

स्वतःच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. फुगे दिसले. इतके मोठे ते असूच शकत नाहीत. दिसायलाच नकोत. रिकामे होते. एकेक तांबडी पेशी जवळ ओढून स्वतःला भरत होते. भरलेला फुगा दुभंगे, दोन्ही रिकामे. पुन्हा भुकेले.

सरांना दाखवलं. म्हणाले, काच नीट धुवत जा.

१४ नोव्हेंबर

दंड पांढरा. कोपरापर्यंत. टाचणी टोचली, दूध आलं. आता डाव्या हाताने लिहितेय—

ताईंनी बाही वर केली. त्यांचाही. मागच्या घाण्यापासून. आणि गप्प राहिली ही बाई.

१५ नोव्हेंबर

उठवत नाही. सरांना निरोप धाडला: तो घाणा नष्ट करा. केला की नाही, ते गुरुवारपर्यंत लेखी कळवा. माझ्या बहिणीला हात लावाल तर—

दार वाजलं. धाकटी. दंडावर कापूस धरून उभी. म्हणतेय, तायडे, तू हो म्हणालीस असं सर म्हणाले, म्हणून मी आजच—