हात मागे

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! खोली लहान आहे, पण खिडकी मोठी, नळाला गरम पाणी आणि दाराची कडी एका झटक्यात बसते. आधीच्या नोकरीतल्या हॉस्टेलच्या मानानं हा राजवाडाच. टेबलावर पहिल्यांदा माझ्या लेकीचा, चिमणीचा फोटो ठेवला, दोरीवरून उडी मारतानाचा, पाय हवेत आणि वेण्याही हवेत. सध्या ती ताईकडे आहे. माझा जम बसला की रविवारी चोवीस तारखेला ताई तिला घेऊन येणार, कायमची. तोवर दर फोनला पोरीचं एकच पालुपद, मावशीला वेणी घालता येत नाही, सैल होते.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. अर्धांगवायूतून वाचलेली माणसं इथं सगळं नव्यानं शिकतात, घास घेणं, बटण लावणं, चालणं. दारापाशीच बऱ्या होऊन घरी गेलेल्या एका आजींचा मोठा फोटो आहे, एका गुबगुबीत हसऱ्या सिस्टरचा हात धरून उभ्या आहेत. मेट्रनबाईंनी पहिलाच नियम सांगितला, हात मागे. अंघोळ, गोळ्या, चादरी हे आपलं काम, ते हातमोजे घालून करायचं. पण पेशंट स्वतःहून काही शिकत असेल तेव्हा आपण हात पाठीशी बांधून उभं राहायचं. तोंडानं सांगा, लांबून दाखवा, वाट बघा, त्याच्या हाताला हात लावायचा नाही. हे तर कॉलेजात घोकूनच झालंय. माणसाला स्वतःची काळजी जेवढी घेता येते तेवढी घेऊ द्यावी, उणं पडेल तेवढंच नर्सनं भरून काढावं. आपला हात जगन्नाथ! मला हा वॉर्ड मानवणार असं दिसतंय.

गुरुवार, ७ मार्च

पुस्तकातलं वाक्य लिहिणाऱ्यानं एकदा इथं येऊन सकाळची पाळी करावी. सहा नंबरवर मास्तर आहेत. शाळेत होते, अक्षर म्हणे छापल्यासारखं होतं, अजून जुने विद्यार्थी येऊन सांगतात. आता उजवी बाजू गेली आहे आणि वाचाही. गोड माणूस, सतत हसतात. पण सदऱ्याच्या एका बटणाशी झटापट करता करता त्यांचा चहा थंड होतो, बाकीचे पेशंट ओरडायला लागतात आणि मी हात मागे बांधून शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी. पाळीला आम्ही दोघीच सिस्टर आणि पेशंट वॉर्डभर.

त्यात विद्यापीठातून एक मॅडम येतात. परिचारिकांच्या ताणावर त्यांचं संशोधन चालू आहे. मला थांबवून विचारलं, गेल्या आठवड्यात किती वेळा असहाय वाटलं, कधीच नाही, क्वचित की वारंवार? मागं कुणा पेशंटची घंटी वाजत होती. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं! माझ्या आधीची सिस्टर ताणामुळेच काम सोडून गेली, असंही सांगून गेल्या.

खिडकीपाशी जी बाई आहे तिला भरवावं लागतं, उठवावं लागतं. बोलत नाही. वयानं माझ्याएवढीच असेल. मी मास्तरांपाशी गेले की डोळे विस्फारून बघत राहते. मास्तरांना चिमणीचा फोटो दाखवला. दोरीच्या उड्या सुरू केल्या की थांबतच नाही म्हटलं. बराच वेळ बघत होते.

सोमवार, ११ मार्च

आज संयम संपला. दुसरी सिस्टर आली नाही, डॉक्टरांची फेरी डोक्यावर, आणि मास्तर त्याच बटणावर. हातमोजे काढून मी त्यांची बोटं माझ्या बोटांत धरली आणि हातावर हात ठेवून बटण लावून दिलं. एकदाच, पद्धत कळावी म्हणून. कुठल्याही नर्सनं हेच केलं असतं.

आणि काय सांगू, पुढचं बटण त्यांनी आपलं आपण लावलं! मग उरलेली सगळी. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मेट्रनबाई मात्र माझ्या हातांकडे बघत राहिल्या. कसं जमलं म्हणून विचारलं. मी थाप मारली, त्यांचं त्यांनीच केलं म्हटलं. मग दुपारी हाताला धरून चार पावलंही चालवलं. नियम नियम करत बसलं असतं तर म्हातारा जन्मभर त्या कॉटवर राहिला असता.

गुरुवार, १४ मार्च

गणवेशाचं बटण लागत नाही. बोटं बटणापर्यंत जातात आणि पुढं काय करायचं ते त्यांना ठाऊकच नसतं. दुखत नाहीत, सुजलेली नाहीत. चक्क पिना लावून कामावर गेले.

मॅडमना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. ताणामुळे असं होतं म्हणाल्या, सुट्टी घ्या, दीर्घ श्वास घ्या. डॉक्टरही तेच. माणसाचं बोट तुटून पडलं तरी ही मंडळी ताणच म्हणतील. इतका संताप आला, आणि संतापून कप उचलायला गेले तर तो हातातून निसटला.

मास्तर आता कुबडीशिवाय चालतात. फुटलेले तुकडे त्यांनीच गोळा केले. उजव्या हातानं.

सोमवार, १८ मार्च

टॉवेलचे तीन पदर करून वेणी घालून बघितली. येत नाही. चिमणीची वेणी मी झोपेतसुद्धा घालू शकले असते. रडले. मग ओरडले, भिंतीवर, दुसरं कोण ऐकतंय.

जिना चढताना पाय मधेच विसरतात. मास्तर मात्र मजल्यावर मजले चढून-उतरून येतात आणि मला धरायला हात पुढं करतात. नको म्हटलं तरी धरतात. मी पडू नये म्हणून. त्यांनी धरलं की पाय आणखी विसरतात.

बोट दिलं आणि मनगट गेलं.

मंगळवार, १९ मार्च

दारापाशी तोल गेला, त्या फोटोला धरून उभी राहिले. आजींचा हात धरलेली ती हसरी सिस्टर. गाल ओघळले, डोळे खोल गेले तर ती कोण हे आंधळ्यालाही कळेल. खिडकीपाशी आहे ती.

तिच्याकडे गेले. तुम्हीच का म्हणून विचारलं. तिनं फक्त डोळे मिटले आणि पाणी आलं.

मेट्रनबाईंना धरलं. मग म्हणाल्या, हात मागे ठेव म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कारण का नाही सांगितलं, मी किंचाळले. कारण सांगितलं की सिस्टर मिळत नाहीत, म्हणाल्या. अगदी थंडपणे. वॉर्ड चालवायचा कसा, हेही मलाच विचारलं.

हात दाखवून अवलक्षण, असं वर ऐकवलं. माझ्या हातांबद्दल.

बुधवार, २० मार्च

आज निघणार होते. पिशवी भरता आली नाही. तशीच निघाले. तिसऱ्या पायरीवर गुडघे गेले —

मास्तरांनी झेललं. उचलून वर आणलं. त्यांनी उचललं. मला.

सात नंबरची कॉट दिली आहे. मॅडम येऊन गेल्या. विश्रांती घ्या म्हणाल्या. माझं उदाहरण त्यांच्या फार उपयोगी पडणार आहे म्हणे.

मास्तर शेजारीच. चिमणीचा फोटो माझ्या खोलीतून त्यांनी इथं आणून ठेवला. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे तोंड करून.

शुक्रवार, २२ मार्च

ताईचा फोन आला. चिमणीला आणू नकोस, एवढंच सांगायचं होतं. रिसीव्हर धरवेना. मास्तरांनी धरला, माझ्या हातावर हात ठेवून. मी तोंड उघडलं —

शब्द नाहीत. जीभ आहे, शब्द नाहीत.

आणि ते बोलले. स्वच्छ. हॅलो म्हणाले. सिस्टरांची तब्येत जरा नरम आहे, लेकीची फार आठवण काढतात, तिला अवश्य घेऊन या, म्हणाले. किती सभ्य आवाज. ताईनं आभार मानले असतील.

मग माझ्या पायांवरून चादर सारखी केली. असे पाय काय कामाचे, हळूच म्हणाले. हे चालण्यापुरते. उड्या मारायला लहान पाय हवेत.

शनिवार, २३ मार्च

बोटांत आता फक्त पेन टिकतं, लिहिता येतं. ते अजून त्यांना नाही. मघाशी पेन उचलून बघितलं त्यांनी, रेघोट्याच आल्या. चिडले. पहिल्यांदा चिडलेले पाहिले.

वॉर्डच्या आयाबाईंना खुणेनं विनवलं. पुढचं पान फाडून उद्या फाटकातच ताईच्या हातात देणार. वाचता येत नाही त्यांना, पण देईन म्हणाल्या. शपथ घेतली.

खिडकीपाशी ती नुसती बघते आहे. मान हलवते, नाही नाही. काय नाही?

रविवार, २४ मार्च

ताई, वर येऊ नकोस. फाटकातूनच मागं फिर. चिमणीला इथल्या कुणाच्याही हाताला हात लावू देऊ नकोस. सहा नंबरच्या म्हाताऱ्याला तर मुळीच — तो बाजूला येऊन बसलाय. पेन माझ्या हातातून घेत नाही, ताई, तो माझा हात धरतोय, हातावर हात ठेवून, मी त्याला शिकवलं तसंच — ताई, पोरीला घेऊन पळ, तिला वर पा

पाठवावे. वरील मजकूर आजारपणाच्या भ्रमात लिहिला गेला, काळजीचे कारण नाही. येथे सर्व क्षेम आहे. आयाबाईंसोबत चिमणीस एकटीलाच वर पाठवावे, तिच्या आईस तेवढेच बरे वाटेल. येताना तिची उड्या मारायची दोरी आणण्यास विसरू नये. मी जिन्यातच तिचा हात धरावयास उभा राहतो.