आमच्या घरातली बेरोजगारी शून्यावर आली

ती. सौ. ताईंना,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकता आलं तेवढाच). तुमचा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला, की अजून फोनवर त्यांच्याआधी तोच बोलतो? इकडे सगळे मजेत आहेत, काळजीचं काही कारण नाही, असं लिहायला घेतलं होतं. पण मी पडले आकडेवारीच्या सरकारी ऑफिसातली, आणि चुकीची माहिती देणं आमच्यात फार वाईट समजतात. तेव्हा काळजीचं कारण आहे. आधी खुर्चीवर बसा आणि मग पुढे वाचा.

ताई, यांची नोकरी गेली. आत्ता नाही, उन्हाळ्यातच. कंपनीने आराखडे काढणारा अख्खा विभागच बंद केला, आणि तुमचे भाऊ त्यांची पट्टी, कंपास आणि टेबलावरचा दिवा घेऊन घरी आले. आईंना आम्ही सांगितलं की कंपनीने आता घरून काम करायला सांगितलंय. आईंना ते पटलं (त्यांच्या मते शहाण्या माणसाने घराबाहेर पडूच नये). तुम्हाला कळवलं नाही, कारण यांनी तशी शपथ घातली होती. ती मी या वाक्यात मोडली. तेव्हापासून हे सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत जातात आणि दार लावून घेतात. आत बसून अर्ज करतात, ओळखीच्यांना फोन करतात, असं ते मला सांगत. आईंना फसवण्यात मी यांच्या बाजूने होते, त्यामुळे मला वाटायचं, निदान मला तरी सगळं खरं माहीत आहे.

आता आमच्या ऑफिसचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. किती लोकांना काम आहे आणि किती जणांना नाही, हे आम्ही मोजतो. त्यासाठी काही घरं सोडत काढून निवडतात आणि आमचा माणूस तिथे जाऊन प्रश्न विचारतो. यंदा सोडतीत आमचंच घर निघालं! (भावोजी दर महिन्याला लॉटरीचं तिकीट काढतात, त्यांना कधी काही लागत नाही.) स्वतःच्या घरी स्वतः जायचं नसतं, म्हणून आली आमच्या ऑफिसातली एक मुलगी. तिला आम्ही काटेकोर म्हणतो. ती चहा घ्यायच्या आधीसुद्धा विचारते, की हा मला आहे की सगळ्यांना आहे.

मी स्वयंपाकघरात, कान बाहेर. पहिल्या आई बसल्या. काटेकोरने विचारलं, ‘‘आजी, तुम्ही काही काम करता?’’ ‘‘मग काय झोपा काढते?’’ आई कडाडल्या. त्यावर तिने शांतपणे समजावलं, की घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक, धुणं, निवडणं-टिपणं आमच्या हिशेबात काम धरत नाहीत. हाच स्वयंपाक शेजाऱ्यांकडे पगार घेऊन केला तर धरतात. आई म्हणाल्या, ‘‘मग शेजारणीने माझ्याकडे करावा आणि मी तिच्याकडे, म्हणजे दोघींना सरकार ओळखेल.’’ शेवटी आई ‘ना कामात, ना कामाच्या शोधात’ या रकान्यात गेल्या. आमच्याकडे याला श्रमशक्तीबाहेर म्हणतात. हा शब्द आईंना कळला नाही, हे देवाचे उपकार.

मग काटेकोरने यांच्याबद्दल विचारलं, आणि आई सुरू झाल्या. दिवसभर काम करतो, मान वर करत नाही, डोळे गेले त्याचे. तिकडे तिची बोटं टॅबवर चाललेली, इकडे माझ्या हातातला चहा बशीत. बोलावं तर यांचं बिंग फुटतं, गप्प बसावं तर माझ्याच घरातून माझ्याच ऑफिसात खोटी माहिती जाते. त्या गडबडीत चहात साखर घातली की मीठ, ते आजतागायत कळलेलं नाही. काटेकोर मात्र सगळा प्यायली.

तेवढ्यात हे पाण्याची बाटली भरायला बाहेर आले.

‘‘काका, तुम्ही आहातच तर तुम्हालाच विचारते. गेल्या आठवड्यात एक तास तरी काम केलंत?’’

यांनी आईंकडे पाहिलं, मग बाटलीकडे. ‘‘नाही. कंपनीने काढलं मला. बरेच दिवस झाले.’’

‘‘काम शोधलंत? अर्ज, ओळखीच्यांकडे चौकशी, काहीही?’’

‘‘नाही.’’

ताई, मी दारात उभी होते. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दाराआड अर्ज नव्हते, फोन नव्हते. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तुमचे भाऊ नुसते बसत होते, आणि हे मला कळलं ते सरकारी पाहणीत.

आईंचा चेहरा पांढरा पडला. ‘‘म्हणजे तू बेरोजगार आहेस?’’ आता इथे दुसरी कुणी असती तर मान खाली घालून गप्प बसली असती. पण चुकीचा शब्द काटेकोरला सहन होत नाही. ‘‘नाही आजी. बेरोजगार म्हणजे ज्याला काम नाही आणि जो ते शोधतोय. काका शोधतच नाहीत. म्हणून ते बेरोजगार नाहीत.’’

‘‘ऐकलंस?’’ आई एकदम खुलल्या. ‘‘सरकार सांगतंय, नाहीस तू बेरोजगार! उगाच तोंड पाडून फिरतोस.’’ तेव्हापासून त्या जिन्यात भेटेल त्याला सांगतात, की आमच्या मुलाची सरकारी तपासणी झाली आणि त्यात काही निघालं नाही, जणू रक्तातली साखर तपासली. आता मायलेक एकाच रकान्यात आहेत. कागदोपत्री आपल्या घरातली बेरोजगारी शून्यावर आली आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसचा आकडा जाहीर झाला. बेरोजगारीचा दर उतरला. पेपरात छान ठळक मथळा आला, साहेबांनी सगळ्यांना बिस्किटं वाटली. आकडा खोटा नाही हो, तो जे मोजायचं ठरलंय तेच मोजतो. पण मी त्या दशांशचिन्हाकडे बघत बसले. त्या उतारात कितीजणांना काम मिळालं आणि कितीजणांनी नुसतं दार लावून घेतलं, हे एका आकड्यावरून कसं कळणार? काटेकोर शेजारीच होती. तिने तिच्या वाटणीचं बिस्किट माझ्या बशीत ठेवलं आणि आपल्या कामाला लागली.

मी यांना काही बोललेले नाही. रागावू म्हटलं तर राग येत नाही, रडू म्हटलं तर आई विचारतील. यांचे शर्ट मात्र अजून इस्त्री करते. बाकी सर्व क्षेम.

तुमची धाकटी भावजय

ता. क. : तुमच्या फर्निचरच्या कारखान्यात कपाटांची मापं चुकतात, दारं लागत नाहीत, असं भावोजी म्हणाले होते. ती अजून चुकतात ना? (चुकत नसतील तर कृपा करून चुकवा.) यांना फोन करून बोलवा. ‘मदत कर’ म्हणू नका, ‘आमचं अडलंय’ म्हणा. पैशाचं काही मनात आणू नका. आणि हे पत्र आलंच नाही असं समजा.

ता. क. २ : घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामसुद्धा आमच्याकडे काम धरतात. पण मी हे आकड्यासाठी लिहीत नाहीये, एवढं तुम्हाला कळलं असेलच.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायला घेतलं तोच हे बाहेर आले आणि पाठमोरे उभे राहून म्हणाले, ‘‘तुमच्या ऑफिसात कुणाच्या ओळखीत आराखड्याचं काम असलं, तर विचारून बघतेस?’’ मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा चिडूनच. ताई, ओळखीच्यांकडे केलेली चौकशी आम्ही शोधात धरतो, आणि बायको ही ओळखीचीच धरायला हवी. आपल्या घरात आता एक बेरोजगार आहे! मी आत जाऊन डोळे पुसून आले. आईंना अजून सांगितलेलं नाही, त्यांना धक्का बसेल.