अरसमरमची गाडी

५ जानेवारी, सोमवार

ऑफिस. शोळिंगनल्लूरला पोचायला सव्वा तास लागला, मेट्रोचं काम रस्ता खातं. डबा अर्धा परत आणला.

दुपारी मॅनेजर श्रीरामने केबिनमध्ये बोलावलं. ओरगडमच्या ट्रक कारखान्याचा जुना प्रोग्राम पोंगलच्या सुट्टीत बंद करायचा. कोणत्या पाळीला, कोणत्या रस्त्याने, किती कंपनी-बस सोडायच्या हे तो ठरवतो. तोवर जुना आणि नवा शेजारी शेजारी चालवायचे, निकाल ताडायचे, शेवटी नवा बरोबर आहे अशी सही मी करायची.

"तो तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही," म्हणाला आणि एकदम फाइल चाळायला लागला. लक्षात आलं असावं. प्रोग्राम पद्माने लिहिलेला.

करतो म्हटलं. नाही म्हणायला काय कारण देणार?

पद्माला जाऊन आठ महिने होतील.

६ जानेवारी, मंगळवार

मदतीला निखिल दिलाय. नांदेडचा मुलगा, बी.टेक., कृत्रिम बुद्धिमत्ता हाच त्याचा विषय. आमच्या वेळी ही पदवी असते असं कुणी सांगितलं असतं तर चेष्टा वाटली असती. त्याने पद्माचा प्रोग्राम उघडला आणि हसायलाच लागला.

"सर, यात पाळी, थांबा, उतारू अशी नावं आहेत! इंग्रजी अक्षरांत मराठी. कोबॉलमध्ये!"

त्याला कारण सांगितलं. कोबॉल ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा, तिने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द इंग्रजी, आणि भरमसाट. इंग्रजी नाव दिलं की कुठे ना कुठे आदळतं. मराठी कधीच आदळत नाही. हे प.चंच म्हणणं. तेव्हा बाकीचे चिडायचे.

"मॅडमची डिग्री कशात होती?"

एम.एस्सी. गणित. मग संध्याकाळी माउंट रोडवर एका जिन्यावरच्या क्लासमध्ये कॉम्प्युटरचा डिप्लोमा. सगळ्या क्लासला मिळून चार मशीन्स, कागदावर प्रोग्राम लिहून रांगेत बसायचं. कंपनीतल्या आमच्या तुकडीत कॉम्प्युटरचा पदवीधर एकही नव्हता. गणित, भौतिकशास्त्र, मी संख्याशास्त्रवाला कोल्हापूरचा. गणित येतं ना, बाकीचं शिकवू, असं म्हणून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, "तुम्ही मराठी कीं?" मला वाटलं थट्टा करतेय. तंजावरची मराठी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. मी म्हणालो, तुझं मराठी बखरीतलं आहे. ती म्हणाली, तुमचं रेडिओवरलं.

८ जानेवारी, गुरुवार

पहिला फरक सापडला. पहाटेच्या पाळीला जुना प्रोग्राम बारा गाड्या सोडतो, नवा अकरा. बाकी सगळं तंतोतंत. फरक रूट सातचा, श्रीपेरुंबुदूरकडून ओरगडमला येणारा.

निखिलने तासाभरात ओळ शोधली. "सर, कुठल्याही थांब्यावर सहापेक्षा कमी उतारू असले की तो थांबा पुढच्याला जोडायचा. पण थांबा चौदाला एक जरी असला तरी गाडी जाणार. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. एआयच्या टूलला विचारलं, तेही म्हणतं चूक असावी."

चूक नाही. थांबा चौदा म्हणजे अरसमरम, म्हणजे पिंपळाचं झाड. हमरस्त्यापासून आत आहे. काम सुरू झालं तेव्हा प. आठवडाभर कारखान्याच्या गाड्यांतून फिरली होती. तिथल्या बायकांच्या लॉजमध्ये पहाटपाळीच्या चौघी राहायच्या. सहा नाहीत म्हणून गाडी नाही, म्हणून अंधारात हायवेपर्यंत चालत. तेव्हाच्या वाहतूक अधिकाऱ्याला ती जाऊन भेटली. तो म्हणाला, "पोडम्मा." घाल बाई. तिने घातलं. कागद झाला नाही.

घरी येऊन मला म्हणाली होती, "गणिताने अकराच येतात हो. बारावी मी घातली."

निखिल म्हणतो, एक गाडी वाचते, क्लायंट खूश होईल. श्रीराम आताच खूश आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

कामगारांच्या यादीत अरसमरमला अजून दोन नावं आहेत. म्हणजे नवा प्रोग्राम त्या दोघींना चालायला लावणार. त्या कारणाने सही अडवता येईल.

पण अडवली तर थांब्यासाठी अडवतो की तिच्यासाठी, हे मला सांगता येत नाही. दिवसभर तेच. चार वेळा पत्र लिहायला घेतलं आणि

सोमवारी स्वतः जाऊन बघतो.

१२ जानेवारी, सोमवार

पहाटे टॅक्सीने श्रीपेरुंबुदूर. थंडी बऱ्यापैकी. घरांसमोर बायका कोलमच्या रांगोळ्या काढत होत्या, मार्गळी महिन्याचे शेवटचे दिवस. रूट सातच्या दुसऱ्या गाडीत बसलो. ड्रायव्हर एळुमलै, पन्नाशीचा, कपाळाला विभूती. ऑफिसातून आलोय म्हटल्यावर जरा ताठ बसला.

अरसमरमला थांबला. झाड आहे, लॉजचं कुलूप गंजलंय. कोणीही नाही. दिवा बंद-चालू करून निघाला.

"सार, इथे दोन वर्षं कुणी चढत नाही. त्या दोघी आता पुढे राहतात, पत्ता बदलला नाही. कागदावर आहे, म्हणून येतो."

वाईट वाटलं. काय अपेक्षा होती कुणास ठाऊक. चार दिवस मी ज्याच्यासाठी भांडायचं ठरवत होतो ते एक रिकामं झाड.

मग थोडं पुढे, थांबा नाही अशा ठिकाणी त्याने ब्रेक लावला. नवीन वसतिगृह, लोखंडी फाटक, बाहेर पंधरा-वीस मुली. "सीक्रम, सीक्रम!" म्हणत सगळ्या भराभर चढल्या. कारखान्याच्या नव्हेत, कॉन्ट्रॅक्टरच्या. कारखान्याच्या यादीत त्या नसतात, म्हणून जुन्या प्रोग्रामला माहीत नाहीत आणि नव्यालाही नाहीत. प.च्या नियमाने ही गाडी रिकामी येते आणि एळुमलै त्यांना घेतो. इतकंच.

शेजारी एक बसली, तिरुवण्णामलैकडची, नाव सेल्वी. "सार नवीन सूपरवायझर का?" नाही म्हटलं, कॉम्प्युटरचं काम. तशी मागची ओरडली, "एय सेल्वी, विचार, तुला घेतील का! बी.एस्सी. मॅथ्स आहे ही, सार!"

"तूही तर आहेस."

"मी नापास मॅथ्स. हिचं पास मॅथ्स. बोल्ट दोघी सारखेच आवळतो."

सगळ्या हसल्या. सेल्वीही. मी विचारलं, कोणता विषय आवडायचा. म्हणाली, "रिअल ॲनालिसिस. सरांनी अर्धंच शिकवलं." हाच विषय प.चा. त्या विषयाच्या पदवीवर तेव्हा आम्हाला बोलावून घेत होते.

कारखान्याच्या फाटकाअलीकडे त्या उतरल्या. एळुमलै मला म्हणाला, "कॉन्ट्रॅक्टरची व्हॅन पावसात बंद पडली ती पडलीच. आधी ही पोरं हायवेने चालायची, अंधारात, लॉऱ्यांच्या बाजूने. गाडी रिकामीच जाते ना सार? तुम्ही काही पाहिलं नाही, हां."

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच माहीत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

श्रीरामला सांगितलं, ड्रायव्हर सोडून. तो ऐकून घेतो, हे त्याचं चांगलं.

"कॉन्ट्रॅक्टरची माणसं कॉन्ट्रॅक्टरने आणायची. आपल्या कामात ते बसत नाही. आणि सर, या मुली रोज कशा येतात असं क्लायंटने विचारलं तर? तुम्ही कोणाची तरी नोकरी घालवाल."

खरं आहे. सांगितलं तर एळुमलै जाईल. गप्प बसून सही केली तर सोमवारपासून बारावी गाडी नाही, आणि मुली परत हायवेवर.

निखिलचा तोडगा: "सर, यादीत दोन नावं आहेतच की. मॅडमचा नियम नव्यात जशाच्या तसा टाकू. कोण बघायला जातंय? आपण खोटं कुठे बोलतोय?"

मन झालं. तिची ओळ जिवंत राहिली असती. गाडीही राहिली असती.

पण कुणी यादी दुरुस्त केली की त्या दिवशी गाडी गेली. आणि मी पाहून आलोय की त्या थांब्यावर कोणी नाही. उत्तर बरोबर, पायरी चुकीची, असं आलं की प. अख्खं पान खोडायची. ट्रेनिंगमध्ये असंच एकदा पैकीच्या पैकी मिळालेलं गणित तिने स्वतः जाऊन सरांना दाखवलं, चुकलंय म्हणून. सर वैतागले. मी तेव्हाच

असो.

१५ जानेवारी, गुरुवार. पोंगल

काल भोगी, जुनं सामान जाळल्याचा धूर, खिडक्या बंद ठेवल्या. आज तांबरमला सासूबाईंकडे. त्यांना सगळे अम्मा म्हणतात, मीही. दारात ऊस, पोंगलचा गुळभात उतू गेल्यावर शेजारची पोरं ओरडली. प.ने केलं असतं तितकंच गोड अम्मांनी केलं. आम्ही दोघंच जेवलो.

प.चा प्रोग्राम परवा बंद होणार, हे सांगितलं. त्यांनी आधी ताटं उचलली. मग,

"तिचे बाबा म्हणत, मॅथ्स जालं, आतां पळ्ळीकूडमांत टीचर हो, घराजवळ. ती कोठें ऐकती! कंप्यूटर म्हणाली. मी म्हटलं, त्यांत काय असतें ग? तर म्हणाली, अम्मा, बसगाडी कोठें उभी राहावी तें सांगतें तें. मी हंसलें. तें कंडक्टर सांगतो कीं!"

हसता हसता डोळ्याला पदर लावला. मी पाणी आणायला उठलो.

निघताना डब्यात पोंगल दिलं. "एकटे आहांत म्हणून राहूं देऊं नका. खावा."

१६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी असून घरून काम. पत्र लिहिलं. पाचवं म्हणायचं. ते श्रीरामला आणि कारखान्याच्या वाहतूक अधिकाऱ्याला गेलं.

नवा प्रोग्राम बाकी सगळ्या रस्त्यांना बरोबर आहे, सही करतो. रूट सातवर करत नाही. अरसमरमच्या थांब्यावर आता कोणी चढत नाही, तो काढावा. त्याच्यापुढे वसतिगृहाच्या फाटकाशी पहाटपाळीला जाणाऱ्या मुली उभ्या असतात, हे मी स्वतः पाहिलं. त्यांची नावं यादीत घ्यावीत आणि तिथे थांबा द्यावा. त्या कशाने जातात ते लिहिलं नाही. उभ्या असतात, हे खोटं नाही.

संध्याकाळी श्रीरामचा फोन. "सर, तुम्ही हे माझ्या गळ्यात बांधलंत." मग म्हणाला, महिनाअखेरपर्यंत रूट सात नव्या प्रोग्रामच्या बाहेर ठेवू. तोवर त्याचा तक्ता रोज हाताने. "पण हाताने करणार कोण? माझ्याकडे माणूस नाही."

मी करतो म्हटलं.

"वाहतूक अधिकारी नाही म्हणाला तर?"

तर नाही. मग काय करणार, ते मला आज माहीत नाही. त्यालाही तेच सांगितलं.

१७ जानेवारी, शनिवार

ऑफिसला मी, निखिल आणि वॉचमन. सगळा मजला रिकामा, एसी फक्त आमच्या बाजूला. सकाळी शेवटचा तक्ता जुन्याने काढला. मग तो बंद करायची आज्ञा टाइप केली. खात्री आहे का, असं मशीनने विचारलं. नेहमीच विचारतं. हो दाबलं.

निखिल उभा राहिला होता. का, विचारलं नाही.

"सर, एक प्रत तुमच्यासाठी काढू का? घरी ठेवायला."

नको म्हटलं. घरी चालवणार कशावर? आणि त्यातलं मला सगळं पाठ आहे.

खाली टपरीवर चहा घेतला. एम.टेक. करावं का असं विचारायचंय, निखिल म्हणाला. टूल आता त्याच्यापेक्षा वेगाने लिहितं, दोन वर्षांत आपलं काय होईल कळत नाही. आई-वडिलांनी फार हौसेने इतक्या लांब पाठवलंय. काय सांगणार त्याला? आम्ही आलो तेव्हा हा रस्ता म्हणजे सुरूची झाडं आणि मिठागरं. पुढचं काही आम्हालाही कळत नव्हतं, पण भीती वाटल्याचं आठवत नाही. म्हटलं, गणित सोडू नकोस. हे उत्तर झालं का, ठाऊक नाही. तो मात्र मान हलवत राहिला.

१८ जानेवारी, रविवार

वाहतूक अधिकाऱ्याचं उत्तर नाही. सुट्टीच आहे म्हणा, उद्या कारखाना उघडेल.

सकाळी कपडे धुतले. गॅलरीतली तुळस सुकत चालली होती, कुंडी सावलीत ओढली. अम्मांचा फोन. पोंगल संपलं, असं खरं खरं सांगितलं.

दुपारी रूट सातचा उद्याचा तक्ता केला. यादीतली माणसं एका गाडीत बसतात. दोन-तीनदा मोजलं, बसतात. थांबा चौदाच्या दोघींना पुढच्या थांब्यावर दाखवलं, कारण त्या तिथेच उभ्या असतात. नंतर दुसऱ्या गाडीची ओळ लिहिली. उतारूंच्या रकान्यात काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं: यादीत नाहीत, नोंदणीची विनंती केली आहे, उत्तर यायचं आहे. ड्रायव्हरच्या रकान्यात नेहमीचा.

खाली माझं नाव घातलं आणि पाठवून दिलं. अधिकाऱ्याने ओळ खोडली तर पहाटेच्या आत कळेल. खोडली नाही तर गाडी निघेल.

फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. संध्याकाळ झाली होती. एक वाटी तांदूळ धुतले, कुकर लावला, शिट्टी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.