रोजची अकरा मिनिटं

डोंबिवली, मंगळवार संध्याकाळ

खडवलीचे पाटीलकाका आज तिसऱ्यांदा क्लिनिकमध्ये आले. श्रवणयंत्र परत घ्या म्हणाले, काही उपयोग नाही. मी यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. दोष नव्हता. वापराची नोंद मात्र होती: रोज सरासरी अकरा मिनिटं.

"काका, तुम्ही लावतच नाही. अकरा मिनिटांत सवय कशी होणार?" माझा आवाज तपासनीसासारखा होता, हे आत्ता लिहिताना कळतंय.

"सकाळी दूधवाला विचारतो, एक पिशवी की दोन? तेवढ्यापुरतं लावतो. मग घरात बोलणारं आहे कोण, पोरी?"

अशा वेळी मी यंत्राचा आवाज कमी-जास्त करून देते. हात माऊसवर होताच. का कोण जाणे, विचारलं, "मग एक की दोन?"

"आता एकच. ही होती तेव्हा दोन लागायच्या."

मी माऊस सोडला. पुढे अर्धा तास काका बायकोच्या चहाबद्दल बोलले. मी एकही उपाय सुचवला नाही. परत करायचं काका विसरले, की त्यांनी ठरवून राहू दिलं? यंत्र कानात घालूनच गेले.

फाइलमध्ये लिहिलं, केलेला बदल: काही नाही.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरातून काहीतरी सांगत होती. माझ्या कानात इअरफोन. त्यात काहीच चालू नव्हतं. घरात ते तसेच ठेवायची सवय आहे. रोज किती मिनिटं, याची नोंद कुठेच नाही.

काढले. "काय म्हणालीस?"

"अगं, कधीची बडबडतेय मी!"

स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.